मुलांच्या सुरक्षिततेच्या कामाला पैसा कुठून आणायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांवरचे अत्याचार व्हायच्या आधीच थांबावेत म्हणून काम करणाऱ्या छोट्या संस्था, महिला मंडळं, शिक्षकांचे ग्रुप यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहिली आहेत. हे मुख्यतः महाराष्ट्रातल्या संस्थांसाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगते, या कामातला बहुतेक खर्च माणसांवर होतो. शाळेत जाऊन मुलांशी बोलणारी ताई, नंतर मुलीचं ऐकून घेणारी काउन्सेलर, तिच्यासोबत पोलीस स्टेशनला जाणारी कार्यकर्ती. देणाऱ्याला मात्र बहुतेक वेळा वह्या, दप्तरं नाहीतर वॉटर फिल्टर द्यायचा असतो. सगळी ओढाताण तिथेच होते आणि खालचे बरेच प्रश्न त्यातूनच आलेत.

आमची संस्था अजून रजिस्टर नाही, गावातून वर्गणी काढून काम सुरू केलं तर चालेल का?

स्वतःच्या खिशातून आणि मैत्रिणींच्या मदतीने शाळेत दोन सेशन घेतली तर कुणी अडवणार नाही, पण लोकांकडून जाहीरपणे वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१सी कलमाखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. एका उपक्रमापुरतं ते ठीक आहे. वर्षानुवर्षं काम करायचं असेल तर सरळ रजिस्ट्रेशन करा. तीन रस्ते आहेत, पब्लिक ट्रस्ट, १८६०च्या कायद्याखाली सोसायटी (आपल्याकडे ती बरोबरच १९५०च्या ट्रस्ट कायद्याखालीही नोंदवली जाते), किंवा २०१३च्या कंपनी कायद्यातली सेक्शन ८ कंपनी (नफा न वाटता समाजकामासाठी चालणारी). छोट्या गावातल्या ग्रुपला पहिले दोन परवडतात आणि जवळचे वकील-सीए त्यात सरावलेले असतात.

संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, लिहिताना उद्देशांमध्ये "बालहक्क, बालसंरक्षण, बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंध, समुपदेशन" हे शब्द स्पष्ट घाला. खूप संस्थांच्या घटनेत नुसतं "शैक्षणिक व सामाजिक कार्य" असतं आणि मग चार वर्षांनी फंडरचा माणूस विचारतो की हे काम तुमच्या उद्देशात कुठे आहे, आणि उद्देश बदलायला परत धर्मादायच्या चकरा.

रजिस्ट्रेशन झालं, आता पुढे कुठले कागद लागतात?

पॅन आणि संस्थेच्या नावाचं बँक खातं, मग नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर नोंदणी, ती फुकट आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. नंतर आयकराचं १२एबी (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला वजावट). नवीन संस्थेला ही नोंदणी आधी ३ वर्षांसाठी तात्पुरती मिळते, मग नियमित. १ एप्रिल २०२६ पासून नवीन आयकर कायदा लागू झालाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण सीए लोक आणि देणगीदार अजून जुन्याच नंबरांनी बोलतात म्हणून इथेही तेच ठेवलेत. कंपन्यांकडून सीएसआरचे, म्हणजे त्यांनी नफ्यातून समाजकामावर खर्च करायचे, पैसे घ्यायचे तर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, हे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे.

दरवर्षीचं ऑडिट आणि विश्वस्त बदलले की धर्मादायकडे बदल अर्ज, या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करू नका. प्रपोजल छान असतं, काम खरं असतं आणि शेड्यूल-१ वर (धर्मादायकडच्या नोंदीच्या उताऱ्यावर) दहा वर्षांपूर्वी वारलेल्या अध्यक्षांचं नाव असतं, तिथे फाईल थांबते.

८०जी आहे तरी लोक "मला टॅक्समध्ये फायदा नाही" म्हणतात, ते का?

कारण नव्या टॅक्स रिजीममध्ये ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि पगारदार माणसं मोठ्या संख्येने नव्या रिजीममध्ये गेलीत. जुन्या रिजीमवाल्यांना साधारण आपल्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट मिळते, तीही मर्यादेत, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर नाही. वस्तू दिल्या तर त्यालाही नाही. त्यामुळे टॅक्स वाचेल म्हणून मागू नका, कामासाठी मागा. ज्यांना पावती हवी त्यांची माहिती मात्र वेळेत आयकर पोर्टलवर भरून सर्टिफिकेट द्या, मे अखेर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

आणि छोट्या देणगीदाराला कमी लेखू नका. महिन्याला ५०० रुपये देणारी ४० माणसं म्हणजे महिन्याला २०,००० रुपये, एका कार्यकर्तीचा पगार. हा पैसा कुठल्या अटीशिवाय येतो आणि प्रोजेक्ट संपला म्हणून बंद पडत नाही. गावातले निवृत्त शिक्षक, डॉक्टर, पुण्या-मुंबईत गेलेली शाळेची जुनी बॅच, यांच्याकडे आधी जा. आपल्याकडे लोक देवळाच्या जीर्णोद्धाराला देतात, वाचनालयाला देतात, फक्त या विषयावर त्यांच्याशी कुणी नीट बसून बोललेलं नसतं.

मिशन वात्सल्यमधून आमच्या संस्थेला पैसे मिळतील का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि उत्तर थोडं निराश करणारं आहे. मिशन वात्सल्य म्हणजे केंद्राची बालसंरक्षण योजना, आधीची आयसीपीएस, २०२२ मध्ये नवीन मार्गदर्शक सूचना आल्या, आपल्या राज्यात केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटा आहे. पैसा जातो तो बालगृहं, निरीक्षणगृहं, बाल कल्याण समित्या, जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि मुलांच्या प्रायोजकत्वाकडे. प्रायोजकत्वाचे महिन्याचे ४,००० रुपये मुलाच्या कुटुंबासाठी असतात, संस्थेसाठी नाही. शाळांमध्ये जाऊन जागृती करणाऱ्या छोट्या संस्थेला थेट ग्रँट मिळेल असा सोपा रस्ता यात नाही.

तुम्ही बालगृह चालवत असाल तर गोष्ट वेगळी, पण त्याआधी बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खाली नोंदणी हवीच. नोंदणीशिवाय मुलं ठेवणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान १ लाख दंड किंवा दोन्ही. "आधी मुलं ठेवू, मग नोंदणी करू" असं चांगल्या मनाची माणसंही बोलतात, पण असं करू नका.

तरी जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी ओळख ठेवाच. पैसे नाही मिळाले तरी त्यांचं पत्र मिळतं, शाळांमध्ये शिरायला ते पत्र लागतं आणि सीएसआरवाल्यालाही ते दाखवता येतं.

ग्रामपंचायत आणि झेडपीकडून काही निघतं का?

निघतं, आणि इथेच लोक सगळ्यात कमी प्रयत्न करतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, झेडपीच्या महिला व बालकल्याण समितीकडेही सेसचा (झेडपीच्या स्वतःच्या उत्पन्नाचा) असा पैसा असतो. जिल्हा वार्षिक योजनेत ३ टक्के महिला व बालविकासासाठी ठेवायचे असं सरकारनेच ठरवलंय. प्रत्यक्षात यातून शिलाई मशीन, सायकली, अंगणवाडीची खेळणी असं वाटप होतं कारण ते दाखवायला सोपं. पण गावाच्या विकास आराखड्यात आता बालस्नेही गाव ही नऊ विषयांपैकी एक थीम आहे, त्यामुळे मुलांच्या सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाची ओळ आराखड्यात घालायला जागा आहे.

करायचं काय, तर ग्रामसभेच्या आधी सरपंच, ग्रामसेवक आणि अंगणवाडी ताईंशी बोला. गाव बाल संरक्षण समिती कागदावर असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात, तिची बैठक घ्यायला लावा आणि त्या बैठकीत ठराव करून घ्या. रक्कम छोटी असेल, १०-१५ हजारांची, पण गावाने आपल्या पैशातून हा विषय घेतला याचं वजन बाहेरच्या पाच लाखांपेक्षा जास्त असतं, कारण मग आत्या-काका "आमच्या गावात असलं काही नाही" म्हणायला लागले तर उत्तर द्यायला सरपंच उभे राहतात. आमदार-खासदार निधी विसरा, तो बांधकाम आणि टिकाऊ वस्तूंसाठी असतो, पगाराला चालत नाही.

सीएसआरमध्ये बाल अत्याचार प्रतिबंध बसतो का? आम्हाला एका कंपनीने "हा विषय यादीत नाही" म्हणून परत पाठवलं.

बसतो, मांडायला पाहिजे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे नेटवर्थ ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी यापैकी एक असेल त्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावे लागतात. कशावर, ते शेड्यूल ७ मध्ये आहे. त्यात बालसंरक्षण असा वेगळा शब्द नाही हे खरं, पण शिक्षण आहे (मुलांचा त्यात खास उल्लेख आहे), आरोग्य आहे, स्त्री-पुरुष समानता आणि अनाथांसाठीची गृहं आहेत, झोपडपट्टी विकास आणि ग्रामविकास आहे. सुरक्षिततेचं शिक्षण हे शिक्षणच आहे. प्रपोजलच्या पहिल्याच पानावर कुठल्या मुद्द्याखाली येतं ते लिहून टाका म्हणजे समोरच्या माणसाचं काम सोपं होतं, त्यालाही वर कुणाला तरी पटवायचं असतं.

साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी मोठ्या कंपनीच्या मागे लागू नका. मुंबईतल्या मोठ्या ऑफिसपेक्षा तुमच्या जवळची एमआयडीसी बघा. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, जिथे कारखाना आहे तिथल्या आसपासच्या गावांना प्राधान्य द्यायचं असं कायदाच म्हणतो, आणि तिथल्या एचआरवाल्यांना गावाशी संबंध चांगले हवे असतात. ऑक्टोबरच्या आसपास जा. मार्चमध्ये उरलेला पैसा वाटायची घाई असते आणि त्या घाईत वस्तूच वाटल्या जातात.

"सीएसआरमध्ये पगाराला फक्त ५ टक्के चालतात" हे खरं आहे का?

नाही, आणि या गैरसमजाने कितीतरी चांगली कामं मारली आहेत. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. तुमच्या प्रोजेक्टमधली ट्रेनर, काउन्सेलर, फील्ड वर्कर हा प्रोजेक्टचा थेट खर्च आहे. बजेटमध्ये "मानधन/प्रशासन" असं गोळाबेरीज लिहू नका, "२० शाळांमध्ये सेशन घेणाऱ्या दोन प्रशिक्षक" असं लिहा, म्हणजे तो पगार म्हणजेच काम आहे हे वाचणाऱ्याला दिसतं. काही कंपन्यांचे स्वतःचे नियम असतात, ते वेगळं, पण तो कायदा नाही हे नम्रपणे सांगा.

बजेट साधारण कसं दिसावं?

हे फक्त उदाहरण आहे, आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला. एका तालुक्यात २० शाळा, प्रत्येकी २०० मुलं, वर्षभर काम. दोन प्रशिक्षक महिना २०,००० प्रमाणे ४,८०,०००. अर्धवेळ काउन्सेलर महिना १५,००० प्रमाणे १,८०,०००. प्रवास ६०,०००. चित्रं, पुस्तिका, साहित्य ४०,०००. शिक्षक आणि पालकांच्या बैठका ५०,०००. ऑडिट आणि हिशेब ३०,०००. ऑफिस भाडं, फोन, नेट ६०,०००. एकूण ९ लाख, म्हणजे ४,००० मुलांना धरून मुलामागे २२५ रुपये.

फंडर सगळ्यात आधी काउन्सेलरची ओळ कापतो, "सेशन तर होतायत ना" म्हणून. तिथे ठाम रहा. सेशन झाल्यावर एखादी मुलगी थांबते आणि सांगते, कधी त्याच दिवशी, कधी आठवड्याने. तेव्हा पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि कळवल्यावर त्या मुलीच्या घरी काय होतं, ती परत शाळेत येते की नाही, कोर्टात कोण जातं, या सगळ्याला माणूस लागतो. मुलांना "बोला" म्हणायचं आणि बोलल्यावर कुणी नाही, असं काम मी तरी करणार नाही. काउन्सेलरचे पैसे मिळत नसतील तर शाळा २० च्या १२ करा पण ती ओळ ठेवा.

फंडर विचारतो, "तुमच्यामुळे किती अत्याचार थांबले?" काय सांगायचं?

जे झालंच नाही त्याचा आकडा कुणाकडेच नसतो, तसं सरळ सांगा. तक्रारींचा आकडा तर पहिल्या दोन वर्षांत वाढतो, कारण मुलं बोलायला लागतात, हे प्रपोजलमध्ये आधीच लिहून ठेवा नाहीतर वर्षाच्या शेवटी "केसेस वाढल्या" म्हणून पैसे बंद होतील. मोजता येतं ते असं: सेशनच्या आधी आणि तीन महिन्यांनी मुलांना काय आठवतंय, किती मुलं विश्वासातल्या मोठ्या माणसाचं नाव सांगू शकतात, १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर माहीत आहे का, किती शाळांची सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) खरंच बसते, किती शाळांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी केली (ती २०२०च्या पॉक्सो नियमांनी सक्तीचीच आहे), किती मुलांना मदत मिळेपर्यंत सोबत केली.

गरज दाखवायला देशपातळीवरचा एक अभ्यास अजून वापरला जातो, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७चा, १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. आकडा जुना आहे, तसं नमूद करून वापरा, आणि सोबत तुमच्या तालुक्यातली परिस्थिती लिहा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना झाल्यापासून शाळा हा विषय टाळत नाहीत, पण फक्त सीसीटीव्ही लावून मोकळ्या होतात, तर कॅमेऱ्यासोबत माणसांचं प्रशिक्षण का लागतं हे तुम्हाला समजावून सांगावं लागेल.

ऑनलाइन क्राउडफंडिंगसाठी मुलीचा फोटो टाकला, चेहरा ब्लर करून, तर चालेल?

नाही. पॉक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४, दोन्ही मुलाची ओळख उघड करायला मनाई करतात, आणि ओळख म्हणजे फक्त चेहरा नाही. शाळेचा गणवेश, गावाचं नाव, आईचं नाव, घराची भिंत, यातलं काहीही पुरतं. छोट्या गावात तर "सातवीतली, वडील ड्रायव्हर" एवढ्यावर सगळ्यांना कळतं. मिलाप, केटो, गिव्ह अशा प्लॅटफॉर्मवर पैसे उभे करता येतात, पण पोस्टमध्ये तुमच्या कामाबद्दल लिहा, कार्यकर्तीला बोलू द्या, प्रशिक्षणाचे फोटो पाठमोरे घ्या. रडक्या फोटोला जास्त पैसे येतात हे मला माहीत आहे. तरीही नाही. देणगीदार "त्या मुलीला भेटायचंय, काही द्यायचंय" म्हणाले तरी नाही, आणि हे पैसे घ्यायच्या आधीच लेखी सांगून टाका.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत आहे, त्याला संस्थेला पैसे पाठवायचेत. घेऊ का?

आधी त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल तर तो एनआरआय, त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी धरला जात नाही, पासपोर्टची कॉपी फाईलला लावून ठेवा. अमेरिकन नागरिक झाला असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, तो पैसा विदेशी देणगी आहे आणि एफसीआरए (विदेशी देणगी कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना घेता येत नाही. १०० डॉलरही नाही. महाराष्ट्र मंडळांमधली आपली माणसं मनापासून देतात, त्यांना हे समजावून सांगा आणि ज्या संस्थेकडे एफसीआरए आहे तिला थेट द्यायला सांगा. तिच्याकडून तो पैसा तुमच्या खात्यात वळवायचा विचार करू नका, २०२०च्या दुरुस्तीनंतर तसं चालत नाही.

स्वतः एफसीआरए घ्यायचं तर संस्था तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात मुख्य कामावर १५ लाख खर्च केलेले हवेत, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडावं लागतं. वर्षाला दोन-तीन लाख येणार असतील तर एवढा व्याप करू नका.

मोठ्या संस्था, रोटरी, मॅरेथॉन, यांचं काय?

क्राय ही १९७९ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था तळागाळातल्या संस्थांना पैसे देते, अझीम प्रेमजी फाउंडेशन आणि टाटा ट्रस्ट्सही देतात, पण वेळ लागतो आणि छाननी कडक असते. मुंबईतल्या अर्पणसारख्या संस्था याच विषयात वर्षानुवर्षं काम करतायत, त्यांच्याकडून पैशापेक्षा प्रशिक्षण घ्या, प्रशिक्षित टीम दिसली की पैसे देणाऱ्याचाही विश्वास बसतो. रोटरीत संस्थेला थेट अर्ज करता येत नाही, क्लबने तो प्रोजेक्ट आपला मानावा लागतो, म्हणून आधी क्लबच्या मीटिंगमध्ये बोलायला वेळ मागा. टाटा मुंबई मॅरेथॉनमधून पैसे उभे करायला पळणारी आणि मागणारी माणसं हवीत, ती असतील तरच उतरा. सोशल स्टॉक एक्स्चेंज (शेअर बाजारातून संस्थांनी पैसे उभारायची सोय) सध्या विसरा, तिथला किमान इश्यूच ५० लाखांचा आहे.

एकजण म्हणतो "५० लाखांचा सीएसआर मिळवून देतो, ३० टक्के कॅशमध्ये परत द्या". काय करू?

त्याचा नंबर ब्लॉक करा. हा गुन्हा आहे आणि अडकतात ते सही करणारे विश्वस्त. "प्रोसेसिंग फी आधी भरा" म्हणणाराही त्यातलाच. प्रपोजल लिहून देणाऱ्याला ठरलेली फी बिल घेऊन देणं वेगळं, मिळालेल्या पैशातली टक्केवारी देणं वेगळं.

प्रोजेक्टचं राहू दे, एका मुलासाठी आत्ता पैसे लागतायत. कुठे जाऊ?

अत्याचार झालेल्या मुलासाठी मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासून, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज, १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. पॉक्सो कोर्ट खटला चालू असतानाच अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं, वकिलाला ते मागायला सांगा, बरेच वकील मागतच नाहीत. तुमची कार्यकर्ती बाल कल्याण समितीने सपोर्ट पर्सन (खटल्यात मुलाला सोबत करणारी) म्हणून नेमली असेल तर तिचं मानधन सरकारने द्यायचं असं २०२०चे पॉक्सो नियम सांगतात, त्याची लेखी मागणी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे करा. आई किंवा वडील नसलेल्या, किंवा पालक गंभीर आजारी अथवा तुरुंगात असलेल्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. असं मूल बऱ्याचदा आजी सांभाळत असते, फॉर्म भरायला तिला मदत करा, तिला ते कागद एकटीला झेपत नाहीत.

हप्ता चार महिने उशिरा आला तर पगार कसे द्यायचे?

असं होतंच, म्हणून करार करतानाच पहिला हप्ता निम्म्यापेक्षा जास्त मागा आणि दुसऱ्या हप्त्याची तारीख लिहून घ्या. एका प्रोजेक्टचा पैसा दुसऱ्यात तात्पुरता वापरू नका, हिशेबात ते निघतं आणि विश्वास जातो. मासिक देणगीदारांचा पैसा याच दिवसांसाठी वेगळ्या खात्यात साठवा, निदान तीन महिन्यांच्या पगाराइतका. युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला) सीएकडून वेळेआधी तयार करून घ्या, कारण उशीर बऱ्याचदा तिथेच होतो. आणि पगार थांबणार असेल तर कार्यकर्तीला आधी सांगा, तिच्याही घरी लेकरं आहेत.